वझेकाकांची शिडाची एक्सप्रेस

आयुष्यभर मेलगाड्या पळवलेल्या माणसापुढे शिडाची बोट म्हणजे किस खेत की मूली! रामकृष्ण वझे यांचं हे मत झाशीत आता सगळ्यांना पाठ झालं होतं. इलाइट चौराह्यावरच्या पानवाल्यालासुद्धा!

झालं होतं असं, की धरणावरच्या नौका-क्लबात वेगाने पळणारी एक नवी कोरी शिडाची बोट आली होती. चाचणीत जी टोळी जास्त वेगाने जाईल ती बोट घेऊन भोपाळच्या स्पर्धेला जाणार. एक टोळी बबिन्याच्या फौजी लोकांची, दुसरी रेल्वेची. रेल्वेच्या टोळीला तयार करायला वझेकाका आपण होऊन पुढे झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांचा हुकूम कुणी ऐकला नव्हता. इंदुमतीकाकूंनी तर तो नोकरीत असतानाही ऐकला नव्हता! त्यामुळे ही बोट काकांना हवी म्हणजे हवीच होती.

गडी तिन्ही नवे. मेघना मालगाडीवर गार्ड, भूषण आणि पियूष असिस्टंट ड्रायव्हर. तिघांचा पाण्याशी संबंध बादलीपुरता.

"काही काळजी नको!" काका म्हणाले. "माझा हुकूम आधी मोठ्याने परत म्हणायचा, मग हात हलवायचा. इंजिनात करता तस्सं!"

प्रेम नगरात काकांच्या घराच्या गच्चीवर सराव सुरू झाला. खाट ही बोट, काकूंची चादर हे शीड आणि वारा कूलरचा! कूलर मधूनमधून पाणीही उडवायचा.

"बघा, लाटासुद्धा आल्या!" काका खूश. "शीड ताणा!"

"शीड ताणा!" तिघंही बोंबलले.

शेजारच्या रुक्मिणीचाची गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. "वझेजी, जो का हो रओ?" हे काय चाललंय, असं त्यांनी बुंदेलीत विचारलं.

"नौका चल रही है, चाची!"

चाचींनी कोरड्या आभाळाकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं आणि परात उचलायला वाकल्या. तेवढ्यात पियूषने दोर असा ओढला, की शीड सुटलं आणि थेट चाचींच्या पापडांवर जाऊन पसरलं.

"उद्यापासून शिडाला तुमची लुंगी बांधा!" काकू जिन्यातून कडाडल्या.

काकांनी मान डोलावली. लुंगी हलकी, वेग वाढेल, असाच त्यांचा हिशेब होता. आठवडाभर धरणावर जाऊन खऱ्या बोटीतही हात बसले, आणि काकांची छाती आणखी फुगली.

चाचणी चिरगाँवजवळच्या धरणावर होती. वारा झकास सुटला होता. बबिन्यावाले आधी गेले आणि फारच कमी वेळात अंतर कापून आले. मग रेल्वेची पाळी. बोटीमागून मोटरबोट न्यायची होती, तीही चालवायला काकाच बसले. शेजारी परीक्षक जयसिंगजी घड्याळ घेऊन.

"आखिर में आदमी झंडा हिलाएगा," जयसिंगजी म्हणाले. "वो लाइन पार, तो काम पूरा."

"शीड ताणा!"

"शीड ताणा!"

आणि बोट सुटली! मेघना सुकाणूवर, भूषण-पियूष दोर धरून बोटीबाहेर ओणवे. काय ती धाव! काकांचे डोळे भरून आले. जयसिंगजींनी घड्याळ पाहिलं. "वझेजी, बबिनावाले तो गए!"

तेवढ्यात रेषेवरच्या माणसाने झेंडा उंचावला.

झेंडा लाल होता.

फडफड करत शीड खाली आलं. मेघनाने बोट वाऱ्याच्या तोंडावर वळवली. रेषा हातभर उरली असताना बोट जागच्या जागी उभी राहिली.

"अरे गाढवांनो! थांबलात कशाला?" काका गरजले.

"काका, लाल दिखा ना!" पियूष म्हणाला.

"अरे, पाण्यात कसला आलाय सिग्नल?"

"तो फिर आप काहे रुके?"

काकांनी खाली पाहिलं. मोटरबोटही थांबली होती. इंजिन त्यांच्याच हाताने बंद केलं होतं, त्यांना न विचारता! जयसिंगजी बोटीच्या तळातून चष्मा शोधत उठत होते.

"वझेजी, अभी भी टाइम है! आप ही जीतेंगे! चलाइए, चलाइए!"

भूषण-पियूषने दोर घट्ट धरले. मेघनाने सुकाणू सावरलं. तिघंही काकांच्या हुकमाकडे डोळे लावून बसले.

"शीड..." काका म्हणाले आणि अडकले. समोर लाल फडफडत होतं. लाल ओलांडला की ड्रायव्हरची नोकरी गेली! सबंध नोकरीत त्यांनी तो एकदाही ओलांडला नव्हता. आता नोकरी नव्हती, रूळ नव्हते, पण जीभ काही पुढे सरकेना. जयसिंगजींच्या हातातलं घड्याळ टिकटिकत होतं.

शेवटी काका त्यांच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"जयसिंगजी, उससे बोलिए ना... ज़रा हरा दिखा दे!"