केरबा पेंटरचं हसू

लोणावळ्यातल्या निम्म्या बंगल्यांना केरबाच्या हातचा रंग आहे (उरलेल्या निम्म्यांचे मालक घासाघीस फार करतात, असं केरबा सांगतो). तुंगार्लीपासून वळवणपर्यंत त्याने भिंतीच्या भिंती गोऱ्यापान करून सोडल्या. स्वतःचे दात मात्र चुलीमागच्या भिंतीसारखे काळेकुट्ट, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. कार्ल्यातल्या त्याच्या घरी सकाळ व्हायची ती मशेरीने. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, बोटावर घेऊन दातांवरून फिरवायची आणि मगच जगाकडे बघायचं. आई लावायची, बायको चिमाबाई लावते, आजी तर दात पडल्यावर नुसत्या हिरड्यांना लावायची.

अडचण एकच होती. फोटो काढायची वेळ आली की केरबा ओठ गच्च मिटून घ्यायचा. आधार कार्डापासून भावकीतल्या लग्नांपर्यंत त्याचा एकही फोटो असा नव्हता, ज्यात तो आत्ताच कुणाशी तरी भांडून आलेला वाटत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी चैताली. तिचं लग्न सोमाटण्याच्या पवनशी ठरलं आणि फोटोग्राफर सुरज घरी बोलणी करायला आला. जुने फोटो बघून तो म्हणाला, "काका कायम रागावलेलेच असतात का हो?"

चैताली हसली. म्हणाली, "पप्पा, मला बाकी काही नको. अल्बममध्ये तुम्ही हसताय असा एक तरी फोटो पाहिजे बघा."

एवढं बोलून ती चहा ठेवायला गेलीसुद्धा. पण केरबाच्या काळजात काहीतरी हललं. ह्या पोरीने लहानपणापासून काही मागितलं नव्हतं. सायकलही मागितली नाही, मैत्रिणीची घेऊन चालवली. आता घरातून जाता जाता मागतेय काय, तर बापाचं हसू! आणि बापाकडे तेवढंच नसावं?

ठरलं! दात पांढरे करायचे! लग्नाच्या दिवशी पोरीसमोर एकदम हसून दाखवायचं आणि तिला गार करायचं! तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, चिमाबाईला तर मुळीच नाही (चिमाबाईला सांगणं आणि गावात स्पीकर लावणं यात स्पीकर जरा हळू वाजतो). लोणावळ्यात दातांचे दवाखाने चिकार, पण तिथे जो तो ओळखीचा. म्हणून त्याने सोमाटणे फाट्यावरचा डॉ. अमृताचा दवाखाना गाठला. शुभ्र खुर्चीवर केरबा असा ऐटीत बसला की जणू त्याचाच साखरपुडा आहे.

"काय त्रास होतोय, काका?"

"तरास काय न्हाई. पांढरं करायचंय."

"कुठला दात?"

"समदेच. म्हंजी पुढनं दिसत्यात तेवढे."

डॉक्टरणीने छोटा आरसा तोंडात घातला आणि बारीक सळई हिरडीला नुसती टेकवली, तर रक्त आलं.

"काका, हिरड्या सुजल्यात. दातांच्या मुळाशी घाण साचून दगड झालाय. दोन दात हलायलाही लागलेत. आधी हिरड्या बऱ्या करू. पांढरं करायचं मग बघू."

"मॅडम, घरी लगीन हाय. पाव्हनं यायच्यात. वरनं एक हात मारून द्या, आतलं मागाहून बघू की!"

बोलला खरा, पण त्याच्याच कानांना ते ओळखीचं वाटलं. प्रत्येक बंगलेवाला त्याला हेच सांगत आला होता. आणि प्रत्येकाला केरबाने छाती काढून सुनावलं होतं, 'साहेब, भिंतीला ओल हाय. ओल काढल्याबिगर रंग मारला तर पोपडे निघतील, माझं नाव खराब हुईल.'

"म्हंजी ओल हाय म्हना की," तो पडेल आवाजात म्हणाला.

"ओलच आहे. आणि ती मशेरीने आलीय. आजपासून मशेरी बंद."

आता तीस वर्षांची मशेरी बंद करणं म्हणजे खेळ आहे का? केरबाचं डोकं ठिकाणावर राहिना. वळवणच्या एका बंगल्यात त्याने कंपाउंडचा रंग हॉलच्या छताला मारला (साहेबांना तो आवडला ही गोष्ट वेगळी). डॉक्टरणीने सांगितलं म्हणून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायचा, घरामागे लपून ब्रश फिरवायचा, वर मशेरीच्या वासाने जीव कासावीस व्हायचा तो वेगळाच. पण हळूहळू हिरड्यांचं रक्त थांबलं, हलणारे दात घट्ट झाले, आणि चतकोर भाकरी खाताना कळ यायची ती बंद झाली. गड्याला भलताच हुरूप आला! येता-जाता मोटरसायकलच्या आरशात तो स्वतःच्या हिरड्या बघू लागला.

आता बायको असलेल्या माणसाने असं वागू नये. नवरा रात्री लपूनछपून परसात जातो, तोंडाला पुदिन्याचा वास येतो, दर आठवड्याला धुतलेला शर्ट घालून रंगाच्या डब्याशिवाय सोमाटण्याला जातो आणि आरशात बघून हसतो! चिमाबाई सगळं बघत होती. एकदा केरबा आंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. वर नाव होतं, अमृता मॅडम. चिमाबाईने तो उचलला.

"काकांना निरोप द्याल का? उद्या नक्की या म्हणावं. मागच्या वेळी फार कळवळले, पण उद्या नाही दुखणार."

"तू कोन गं माज्या नवऱ्याला कळवळायला लावनारी?" चिमाबाई ओरडली. तोवर पलीकडून फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी केरबाची मोटरसायकल निघाली, मागोमाग चिमाबाईने टमटम धरली. 'पोरीचं लगीन तोंडावर, आनि ह्याला हितं नवं खूळ सुचतंय!' असं अख्ख्या टमटमला ऐकवत ती सोमाटण्यात उतरली, मोटरसायकल हुडकली आणि समोरचा जिना चढून दार ढकललं.

"कुटंय ती अमृता?"

आत तिचा नवरा खुर्चीवर आडवा. गळ्यात बाळासारखं लाळेरं, तोंडाचा आ, आणि आत एक नळी फुरफुर करत लाळ ओढतेय.

"अवो, काय चाललंय हे?"

"आँ... आँ... आँ!" केरबाने जीव तोडून खुलासा केला.

"या मावशी, बसा," डॉ. अमृता शांतपणे म्हणाली. "काकांचं होतंच आलंय. मशेरी तुम्हीपण लावता का हो?"

"व्हय, लावते. का?"

ह्या 'का' मध्ये चिमाबाईचे सगळे दात दिसले, आणि डॉक्टरणीने शेजारचं स्टूल पुढे ओढलं. भांडायला आलेली बाई तासाभराने पुढच्या मंगळवारची वेळ घेऊन जिना उतरली. येताना दोघं एकाच मोटरसायकलवर आली, आणि कामशेतपर्यंत चिमाबाई एवढंच म्हणत होती, "मला सांगितलं असतं तर मी काय गावभर केलं असतं?" केरबा शहाणपणा करून नुसता हॉर्न वाजवत राहिला.

हिरड्या बऱ्या झाल्या, दगड निघाला, पण दातांवरचा काळा रंग काही पुरता जाईना. तेव्हा डॉक्टरणीने वरच्या पुढच्या दातांवर नखाएवढ्या पातळ चकत्या चिकटवायचं सुचवलं आणि रंग निवडायला शेड कार्ड पुढे केलं.

शेड कार्ड! केरबा खुर्चीत ताठ झाला. इतके दिवस तो पेशंट होता. आता तो पुन्हा पेंटर झाला.

"तुमच्या वयाला हा शोभेल," डॉक्टरणीने एक दात दाखवला.

"ह्यो? ह्यो तर क्रीम! क्रीम आमी संडासच्या प्यासेजला मारतो."

"अहो, खऱ्या दातांचा रंग असाच असतो."

"मॅडम, कार्डावरचा रंग वाळला की एक घर गडद हुतो. म्हनून आमी कायम एक घर फिकाच धरतो. त्यात तोंडात कायमची ओल! त्याचं आनखी एक घर धरा." असं म्हणत त्याचं बोट सरकत सरकत कार्डाच्या पार टोकाला गेलं. तिथे जो दात होता तो बघताना डोळे बारीक करावे लागत होते.

"काका, ही चिनी माती आहे. ही वाळत नाही, गडद होत नाही. आज जशी दिसेल तशीच कायम राहणार."

"समद्या कंपन्या तसंच सांगत्यात, मॅडम."

"अवो, त्या एवढं शिकल्यात, त्यांचं ऐका की," चिमाबाई म्हणाली.

"शेड कार्डातलं तू मला सांगू नगंस!"

पेंटरपुढे शेड कार्डावरून कोण वाद घालणार? चकत्या आल्या, बसल्या, आणि केरबाने आरशात बघितलं. तोंडात कुणीतरी ट्यूबलाइट लावली होती. 'वाळू दे,' त्याने स्वतःची समजूत घातली, 'लग्नापर्यंत उतरंल.' रोज सकाळी उठून तो आधी आरशाशी जायचा आणि रंग उतरला का ते बघायचा. रंग कशाला उतरतोय! हळदीचा दिवस आला तरी तो होता तिथेच लखलखत होता, आणि हळद लावता लावता थोरल्या चुलतीने, भागुबाईने, सगळ्या मांडवासमोर विचारलं, "केरबा, कवळी कुटं केलीस रं? बरी बसलीय. मलाबी तिकडंच घेऊन चल."

मांडवात असा हशा पिकला की केरबाचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. झालं! इतका खटाटोप करून गडी पुन्हा पहिल्या ठिकाणी!

लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, केरबाही पांढऱ्या सदऱ्यात. त्रिशरण-पंचशील त्याने ओठ न उघडता म्हटलं. सुरज कॅमेरा घेऊन त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. "काका, स्माईल! काका, जरा दात!" दात म्हटलं की केरबा तोंडावर हात ठेवायचा. चैताली जवळ येऊन उभी राहिली, त्याच्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "पप्पा, एकदाच. माझ्यासाठी." केरबाने मनापासून प्रयत्न केला. ओठांचे कोपरे थोडे हललेही. तेवढ्यात समोर भागुबाई दिसली आणि ते जागच्या जागी थिजले. चैताली नुसतं बरं म्हणाली आणि पवनजवळ जाऊन उभी राहिली. केरबाला त्या 'बरं'ने जेवण गेलं नाही.

पाठवणीची वेळ झाली. केरबाने मनाशी पक्कं केलं होतं की रडायचं नाही. गाडीचं दार उघडलं, टायरखाली नारळ ठेवला, आणि चैताली वळून येऊन त्याच्या गळ्यात पडली. "पप्पा, मशेरीला परत हात लावू नका हं," ती हुंदके देत म्हणाली, "दात कसले पण दिसू देत."

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं! मग मात्र केरबाचा बांध फुटला. आवाज नाही, शब्द नाही, नुसता डोळे मिटून, मान मागे टाकून, तोंडाचा हा एवढा आ करून तो रडत सुटला. आत होते नव्हते ते सगळे दात उन्हात झळकले, आणि सुरजने बटण दाबलं.

सुरज अल्बम तयार करून घेऊन आला तेव्हा सोमाटण्याला व्याह्यांकडे सगळे तो बघायला बसले. पानं उलटता उलटता व्याही रखमाजी एका फोटोशी थांबले आणि त्यांचा चेहरा जरा उतरला.

"पाव्हनं, एक इचारू का? पोरगी देताना मानसं रडत्यात. तुमी तर असं खदाखदा हसलाय, जनू डोक्यावरची पीडा गेली."

"अवो, रडतच व्हतो की मी!"

"ह्यो रडतानाचा फोटू? दातच दात दिसत्यात समदे!"

चिमाबाईने साक्ष दिली, सुरजने शपथ घेतली, पण फोटो काही ऐकेना. बघेल त्याला त्यात मुलीच्या लग्नाने हर्षवायू झालेला बापच दिसत होता. चैतालीने अल्बम ओढून मांडीवर घेतला, फोटोवरून हात फिरवला आणि केरबाच्या कानात म्हणाली, "मला माहितीय. पण कुणाला सांगू नका. काय सुंदर हसलात, पप्पा!" केरबाला आभाळ ठेंगणं झालं. पोरीला हसू मिळालं ना? मग ते कसं आलं याच्याशी कुणाला काय करायचंय!

तो फोटो मोठा करून तिने सासरच्या हॉलमध्ये लावला. तपासणीला गेलेल्या चिमाबाईने फोनमधला तो फोटो डॉ. अमृतालाही दाखवला, आणि डॉक्टरणीने आनंदाने टाळीच वाजवली. असं मनमोकळं हसू आपण कुठल्याच पेशंटचं बघितलं नाही, म्हणाली, आणि फोटो मागूनच घेतला. महिन्याभरात सोमाटणे फाट्यावर भला मोठा बोर्ड चढला. 'निरोगी हिरड्या, सुंदर दात! मनापासून हसा!' आणि त्याखाली पोरीला निरोप देताना ऊर फुटून रडणारा केरबा, दोन मजली.

केरबा मुद्दाम ते बघायला गेला. बोर्डासमोरच्या टपरीवर कटिंग घेऊन ऐटीत उभा राहिला. चहावाला एकदा वर बघे, एकदा ह्याच्याकडे बघे.

"भाऊ, त्ये तुमीच का?"

"मीच की!" केरबाची छाती फुगली.

"काय हसलाय वो! रोज बघतो, दिवस चांगला जातो. हितं एकदा हसून दावा की तसं."

केरबाने कटिंग खाली ठेवलं, सदरा नीट केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, भर रस्त्यात, न लाजता, सगळे दात काढून मनापासून हसला.

चहावाल्याने बराच वेळ निरखून बघितलं. मग मान हलवून तो गाळणीकडे वळला.

"न्हाई ओ. त्यो दुसराच कुनीतरी हाय. तुमाला न्हाई जमत हसायला."