आत्या, एक नग

शनिवारी सकाळी कराडच्या एका किराणा मॉलमध्ये स्कॅनरने कुमुद उपळेकरांना वाचलं, आणि पडद्यावर ‘आत्या, १ नग’ अशी नोंद आली.

कुमुदताई एसटीतून निवृत्त झालेल्या. वय सदुसष्ट, घरी एकट्या. पिठाची पिशवी उचलताना त्यांचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पदर काचेवर आला, एवढंच झालं.

“मी कुणाची आत्या नाही हो. मला भाऊच नाही,” त्या म्हणाल्या.

काउंटरवरच्या नसीम मुजावरने पदर पुन्हा फिरवून पाहिला. “काळ्या रेघा उजेड गिळतात, पांढऱ्या परत पाठवतात. त्यावरून यंत्र आकडे लावतं. आधीचे सगळे बरोबर आहेत का, ते शेवटचा आकडा तपासतो. तुमचा जुळलाय, काकू.”

व्यवस्थापक भिंगार्डे आले. त्यांनी नोंद वाचली, चष्मा पुसून परत वाचली. “बरोबर आहे. आता तुम्हाला कुणीतरी न्यायला हवं.”

“आणि नाही नेलं तर?”

“मग शिल्लक मालात. डाळींच्या शेजारी जागा आहे. खुर्ची देऊ.”

कुमुदताईंनी तिकडे पाहिलं. खुर्चीत बसून राहणं त्यांना नवं नव्हतं. म्हणूनच ते नको वाटलं.

त्यांच्या मागे प्रसन्न लाटकर साखर आणि फुगे घेऊन उभा होता. तो जरा पुढे आला. “दुपारी माझ्या मुलीचं बारसं आहे. मला बहीण नाही. नाव कुणी ठेवायचं, यावरून घरात दोन दिवस अबोला आहे. आम्ही नेलं तर चालेल?”

“पिशवी लागेल?” नसीमने विचारलं.

“नको. स्कूटर आणलीय.”

“नाव काय ठरलंय?” कुमुदताई म्हणाल्या.

“काहीच नाही. ते आत्याने ठरवायचं.”

त्यांनी थोडा विचार केला, पदर खोचला आणि पिठाची पिशवी त्याच्या हातात दिली. “चल मग. हे पुढे ठेव, सांडू नकोस.”

दुपारी लाटकरांच्या घरी पाळणा सजला होता. दोन दिवसांत न बोललेली माणसं फुगे बांधता बांधता एकमेकांशी भांडत होती. कुमुदताई वाकल्या आणि बाळाच्या कानात म्हणाल्या, “कुर्रर्र... रेवती.” बाळाने जांभई दिली.

मग रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. प्रसन्नच्या सासूबाईंचा हात सगळ्यांत जड होता. कुमुदताई पाळण्याचा कठडा धरून हसत राहिल्या.

“अजून कुणी राहिलंय का?” त्यांनी विचारलं.