मल्हारनं विनोद सोडला

रविवारची पुरवणी येऊन दुपार झाली तरी मल्हारचा फोन एकदाच वाजला. कॉमिकखाली त्याचा नंबर छापलेला असायचा. पलीकडच्या माणसानं विचारलं, "तुमच्या चित्राच्या खाली पिठाच्या गिरणीची जाहिरात हाय, ती गिरणी शिरूरात नेमकी कुठं आली?"

मल्हारनं पत्ता सांगितला आणि जाता जाता विचारलं, "वरचं कॉमिक वाचलं का?"

"वाचलं की. पण त्यात गिरणीचं काईच न्हाई."

मल्हार विनोदी कॉमिक लिहायचा. चित्रं अनिस काढायचा. अनिसचं एसटी स्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान होतं, त्यामुळे त्याला पोटाची काळजी नव्हती. मल्हारला होती. कंपनीतली नोकरी सोडून तो पूर्णवेळ विनोदाला लागला, तेव्हा सासरे सोपानराव म्हणाले होते, "दारू पिणारा जावई असता तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं." आता त्याच सोपानरावांनी कारेगावच्या एका कारखान्यात स्टोअरमधल्या जागेसाठी शब्द टाकला होता. मुलाखत तेवढी बाकी होती.

गिरणीच्या फोननंतर मल्हारनं ठरवलं, आता बास. पण वाचकांना न सांगता जाणं बरं दिसत नाही, म्हणून तो शेवटचं कॉमिक लिहायला बसला. यात विनोद करायचा नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. जे आहे ते लिहायचं आणि रामराम म्हणायचं.

पहिल्या चौकटीत त्यानं लिहिलं, 'वडलांना विनोद सांगितला. त्यांनी विचारलं, मग पोलिसात दिलं का?' दुसरीत, 'बायको म्हणते, मी मनातल्या मनात हसते. बराच वेळ कान देऊन बसलो.' तिसरीत, 'बँकेत विचारलं, व्यवसाय काय? म्हटलं, विनोद. साहेब म्हणाले, खरं सांगा.' शेवटच्या चौकटीत नुसतंच, 'मी थांबतो. कुणाला कधी हसवलं असेल तर पुरावा द्यावा.'

लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून आले.

अनिसनं दुकानात तो कागद वाचला आणि काउंटरवर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले. मित्राला आपलं दुःख कळलं असं वाटून मल्हारनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. अनिसनं मान वर केली, तर तो हसून हसून रडत होता.

"अरं, हे समदं खरं हाय," मल्हार म्हणाला.

"म्हणून तर," अनिस डोळे पुसत म्हणाला. "इतके दिवस कुठं लपवून ठिवलं व्हतंस?"

पुढच्या रविवारी फोन सकाळपासून वाजत राहिला. लोकांनी खरोखरच पुरावे पाठवले. कुणी हसतानाचा व्हिडिओ, एका बाईंनी हसताना सांडलेल्या चहाचा फोटो. मल्हारच्या पाटसच्या चुलतभावानं तिथल्या साखर कारखान्यातल्या नोटीस बोर्डावर कॉमिक चिकटवलं. मल्हार प्रत्येकाला एकच उत्तर पाठवत होता, 'मी खरंच थांबतोय.' त्यावर लोक आणखी हसत होते आणि विचारत होते, 'पुढचा भाग कवा?'

मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून कारेगावला गेला. एचआरच्या साहेबांनी अर्ज बघितला, मग चेहरा बघितला, मग फोन काढला.

"ते गिरणी... नाही, ते पुराव्यावाले तुम्हीच का?"

"व्हय साहेब. पण आता ते सोडलं. मला नोकरी पाहिजे."

साहेब हसू आवरत म्हणाले, "थांबा, जरा अकाउंट्सवाल्यांना बोलावतो." अकाउंट्सवाले आले. मागोमाग डिस्पॅचवाले आले. "आता म्हणा परत," साहेब म्हणाले.

"मला नोकरीची लई गरज हाय," मल्हार म्हणाला. एक जण भिंतीला धरून खाली बसला.

शेवटी साहेबांनी त्याला चहा पाजला, कंपनीची टोपी दिली आणि म्हणाले, "तुम्हाला आत घेतलं तर पुढच्या रविवारी आम्हीच चौकटीत. ते काही परवडायचं नाही. बाकी मजा आली, येत जा."

घरी पोचतो तो सोपानराव ओट्यावर बसलेले. बातमी एसटीच्या आधी पोचली होती.

"जावईबापू, म्या तुमच्यासाठी शब्द टाकला. आन् तुम्ही तिथं कार्यक्रम केला?"

"मामा, म्या गंभीर व्हतो."

"समदी कंपनी हसत व्हती म्हणं." टोपी बघून ते उठलेच. "बक्षीस बी घेतलं."

ते गेल्यावर बायकोनं, धनश्रीनं, कॉमिक पहिल्यांदाच नीट वाचलं. ती हसली नाही. पेपरची घडी घालून म्हणाली, "खरं हाय ना हे?"

"व्हय."

"मग लोक का हसत्यात?"

"ठावं असतं तर हे दिवस आले असते का?"

दुसऱ्या दिवशी पुरवणीच्या संपादक बाईंचा फोन आला. "मल्हारराव, असं कॉमिक आमच्याकडं कधीच आलं नव्हतं. आता दर रविवारी अर्धं पान तुमचं. वर्षभराचा करार करू. तुम्ही दर आठवड्याला असंच सोडत जा."

मल्हारनं लगेच हो म्हटलं. धनश्रीनं देवापुढं साखर ठेवली. सोपानरावही येऊन पेढा खाऊन गेले. अनिसनं दुकानात चौकटी आखून ठेवल्या. मल्हारची भूक परतली, झोप परतली. शिट्टी वाजवत त्यानं नवं कॉमिक लिहिलं आणि पाठवून दिलं.

संपादक बाईंनी लगेच फोन केला.

"मल्हारराव, सगळं ठीक आहे ना घरी?"

"एकदम झकास, मॅडम."

"तेच दिसतंय," त्या काळजीच्या सुरात म्हणाल्या. "तुम्ही यात फार सुखी वाटताय. वाचक असलं चालवून घेणार नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत बदलून द्या, नाहीतर करार सहीवाचून तसाच राहील."

मल्हार टेबलापाशी बसला. जुनी दुःखं एकेक करून काढून बघितली, पण सगळ्यांवर पेढ्याची चव चढली होती. एक ओळ लिहिली, खोडली. दुपार गेली. हेही हातचं जाणार, सोपानरावांना पुन्हा तोंड दाखवावं लागणार, कारेगाव तर कायमचं बंद, हे हळूहळू ध्यानात येत गेलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

धनश्री चहा घेऊन आली. तिनं त्याचा चेहरा बघितला.

"लई वाईट वाटतंय का?"

"लई," तो म्हणाला.

"मंग लिव्हा पटकन," असं म्हणून तिनं कप टेबलावर ठेवला आणि जाताना दार ओढून घेतलं.