रूथआत्यांचं पंधरावं मेंढरू

आमच्या पाळणावर्गात नवीन बाळ आलं, की रूथआत्या आधी त्याच्या तोंडात बोट घालतात. बोट स्वच्छ असतं. मनगटापर्यंत साबणाने धुतलेलं, स्वतःच्या टॉवेलने कोरडं केलेलं. ते हिरड्यांवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतं, आणि बाळाने कोणती गाणी ऐकायची हे तिथेच ठरतं.

पडेगावच्या आमच्या चर्चमध्ये रविवारी मोठ्यांची उपासना चालू असते, तेव्हा मागच्या खोलीत तीन वर्षांखालची मुलं सतरंजीवर बसतात, लोळतात आणि एकमेकांचे मोजे काढतात. वर्ग रूथआत्यांचा, नोंदवही माझी. आत्या सत्तरीच्या आहेत. उभा जन्म बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून गेला, त्यामुळे बाळ या विषयात त्या कुणाचंही ऐकत नाहीत, पाळकसाहेबांचंही नाही.

त्यांचा पहिला नियम असा: "दात येईपर्यंत पाप नाय."

म्हणजे बिनदाताच्या बाळाला फक्त 'देवानं तुला धरलंय' एवढंच गायचं, आणि गाताना त्याला खरोखर धरायचं. दोन दात आले की नोहाचं तारू, कारण प्राणीही दोन-दोन. चार आले की पाच भाकरी आणि दोन मासे, कारण आता चावता येतं. पापाचं गाणं सगळ्यात शेवटी. "शेजारच्याला चावलं की समजायचं, आता सुरू करायला हरकत नाय," असं त्या बाळांच्या आयांना सांगतात. मागे एका तरुण बापाने सात महिन्यांच्या मुलीला दहा आज्ञांचं गाणं मोबाइलवर लावून दिलं होतं. आत्यांनी मोबाइल घेऊन स्वतःच्या पदराखाली ठेवला आणि वर्ग संपल्यावर परत दिला. "तिला मान धरता येईना, अन् तू आज्ञा पाळायला लावतो व्हय रे?" एवढंच म्हणाल्या.

मी व्यवस्थित माणूस आहे. हे सगळं ऐकून मी नोंदवहीत रकानेच पाडले: नाव, दात, गाणी. भरायचं काही नसेल तिथे मी आडवी रेघ मारते, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडत नाही. आत्यांना माझ्या वहीचं फार कौतुक नाही. मी खोलीत शिरले की त्या बाळांना सांगतात, "आली बघा यादीवाली."

आमचं बिनसलं ते मेंढपाळाच्या गाण्यावरून. ते आत्यांनीच रचलेलं. आत्या मूळच्या देवगाव रंगारीकडच्या. लहानपणी वडिलांमागे मेंढरं राखलेल्या. गाणं तीनच ओळींचं आहे:

येशू बसला दाराशी,
एकेक मेंढरू आत घेतो,
नाव घेऊन हाक देतो...

आणि मग हाक. जीभ टाळूला लावून दोनदा 'टक-टक', त्यामागे लांबलचक 'हुर्रर्र', अगदी रानातली. नंतर एका बाळाचं नाव. नाव घेतलं की ते बाळ त्यांच्याकडे जातं. चालत, रांगत, नाहीतर आईच्या हातातून. पुन्हा हाक, पुन्हा नाव. वर्गात मुलं चौदा. आत्या पंधरा नावं घेतात. पंधरावं नाव 'विहान'. ते घेऊन त्या दाराकडे बघत थोडं थांबतात आणि मग आमेन म्हणतात.

माझ्या वहीत विहान नव्हता. मी जन्माच्या नोंदी पाहिल्या, बाप्तिस्म्याच्या पाहिल्या, मंडळी सोडून गेलेल्यांच्याही पाहिल्या. आत्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "असंल कुणीतरी." मला वाटलं, वय झालं. डोळे तपासायला न्यावं त्या मायेने मी त्यांना डॉक्टरांचं नावही सुचवलं. त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

नाताळच्या कार्यक्रमात हे गाणं सगळ्या मंडळीसमोर व्हायचं होतं. मी पुठ्ठ्याची चौदा मेंढरं कापली, त्यांवर कापूस चिकटवला, नावं घातली. नाव घेतलं की ते मेंढरू फळ्यावर लागणार. आत्यांना सांगितलं, पंधरावं नाव तेवढं गाळा, लोक विचारतील.

"गाळत नसते," आत्या म्हणाल्या. "तुला नको असंल तर गाणं दुसऱ्या कुणाकडून म्हणून घे."

दुसरं कुणी नव्हतं. ती हाक काढणं कुणाला जमत नाही. मी स्वयंपाकघरात करून पाहिली, तर यजमान कुकरची शिट्टी अडकली का म्हणून बघायला आले. कार्यक्रम दहा दिवसांवर आला आणि आत्यांनी तालमीला येणं बंद केलं.

त्या गुरुवारी दुपारी मी हर्सूल तलावाच्या बाजूला एका कामाला गेले होते. बागेत बाकावर आत्या दिसल्या. समोर दीड-पावणेदोन वर्षांचा एक मुलगा कबुतरांमागे धावत धावत पायऱ्यांच्या दिशेने निघालेला. मी ओरडणार, एवढ्यात आत्यांनी बसल्या जागेवरून 'टक-टक' केलं. मुलगा जागीच थांबला. 'हुर्रर्र' झालं तसा गर्रकन वळला आणि पळत येऊन त्यांच्या मांडीत शिरला.

मला पाहून आत्यांनी बाकावर सरकून जागा केली. "हा विहान," म्हणाल्या. "पोरीचा."

मुलीने दुसऱ्या धर्मात लग्न केलंय हे मला ठाऊक होतं. बाकीचं आत्यांनी तेव्हा सांगितलं: दोघांनी मिळून ठरवलं होतं, की मुलाला ना आरत्या शिकवायच्या, ना चर्चची गाणी. मोठा झाल्यावर त्याचं तो बघेल. दोन्ही आज्यांनी ते मान्य केलं होतं. दर गुरुवारी दुपारी आत्या त्याला सांभाळतात.

"आणि तुम्ही काहीच गात नाही?"

"जबान दिलीय म्या."

"मग ही हाक?"

"हे काय गाणं हाय व्हय? हे मेंढराचं हाय." त्या किंचित हसल्या. "पोरीला इचारलंय म्या. म्हणलं, तिकडं वर्गात त्याचं नाव घेतलं तर चालंल का? ती म्हणली, तिथं घे आई."

मुलगा त्यांच्या बांगड्यांशी खेळत होता. मी सवयीने विचारलं, "दात किती?"

"सोळा," आत्या लगेच म्हणाल्या. "समदे म्या मोजलेत." मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत, त्याच्याकडेच बघत म्हणाल्या, "पापाचं जाऊ दे. बिनदाताचं गाणंसुदिक व्हायचंय त्याचं अजून."

घरी येऊन मी पंधरावं मेंढरू कापलं. कापूस संपला होता, उशीतला काढला.

नाताळला आत्यांनी पंधरा नावं घेतली. चौदा मेंढरं आपापल्या आयांनी लावली. पंधरावं मी लावलं. पहिल्या बाकावरच्या एका बाईंनी विचारलंच, हे कुणाचं. आमच्या वर्गाचं, मी म्हणाले.

आता वहीत पंधरा नावं आहेत. गुरुवार झाला की रविवारी आत्या माझ्याजवळ येऊन हळूच आकडा सांगतात आणि मी दातांच्या रकान्यात दुरुस्ती करते. परवा अठरा झाले. पुढचा गाण्यांचा रकाना रिकामा आहे. तिथे मी अजून रेघ मारलेली नाही.