दुर्गाच्या घरशाळेची पहिली घंटा

"बाबा, सोमवारी बरोबर आठला या. घरची शाळा कशी असते ते दाखवतेच तुम्हाला!" दुर्गाने फोनवर छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच फसली. सदाशिवराव, म्हणजे तिचे सासरे, चाळीस वर्षं हेडमास्तर होते. गणवेश, रांगा आणि शिक्षांतून सोडवायला सुनेने नातवंडांची नावं शाळेतून काढली, तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

"येतो. पण पसारा दिसला, तर मंगळवारी दोघं पुन्हा शाळेत!"

दुर्गा हार मानणाऱ्यांतली नव्हती! सुट्टीचे दोन महिने हिंदी मुलखातल्या थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात कोंडून घेऊन तिने वेळापत्रकं आखली, तक्ते रंगवले आणि बसून बसून चांगली गोलमटोल झाली. सोमवारी ध्रुव आणि श्रुती चटईवर तयार. नवरा मधुसूदन दौऱ्यावर. उणीव एकच, घंटा! देवघरातली घंटी कसली शाळेला पुरणार? तिने पितळेची थाळी घेतली आणि गॅलरीत जाऊन लाटण्याने अशी बडवली की समोरच्या लिंबावरचे पोपट उडाले.

पाच मिनिटांत दारात समोरच्या गरिमाभाभी! मागे चार बायका, ढोलक आणि बत्ताशांचं ताट.

"बधाई हो, दुर्गाभाभी! अरे, आप खड़ी क्यों हैं? लेट जाइए!"

"बधाई? किस बात की?"

"अब क्या छुपाना! दो महीने से घर में बंद थीं, आज थाली बजी। बेटा हुआ है!"

दुर्गाने कपाळावर हात मारला. इकडच्या घरांत मुलगा झाला की थाळी वाजवतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण मराठी घरांत ती चाल नाही, त्यामुळे ऐन वेळी डोक्यातच आलं नाही!

"अहो, बेटा कुठला..." पण ढोलक सुरू झालं होतं. एकीने तिला पलंगावर लोटलं, दुसरीने वर रजाई टाकली. ऐन जूनमध्ये रजाई! श्रुती टाळ्या पिटू लागली आणि ध्रुवने भोकाड पसरलं, "मला कुणी सांगितलंच नाही!"

तेवढ्यात दारात सदाशिवराव!

"बाबूजी, मुँह मीठा कीजिए! पोता हुआ है!"

सदाशिवरावांनी रजाईतली सून पाहिली, रडणारा नातू पाहिला आणि ते मटकन चटईवर बसले. "मला... एका शब्दाने... मधू कुठे आहे?"

"दौऱ्यावर!" श्रुती म्हणाली.

"अशा वेळी?"

"बाबा, मूल नाही, शाळा सुरू झालीय!" दुर्गा रजाईतून किंचाळली. "ती घंटा होती!"

ढोलक थांबलं. संपलं सगळं! आता मंगळवारी पोरं शाळेत, या विचाराने दुर्गाला रडूच फुटायचं बाकी होतं.

गरिमाभाभी मात्र तक्ते निरखत होत्या. "स्कूल? घर में? तो हमारे मोहित को भी रख लीजिए, दिन भर मोबाइल देखता है!"

"और हमारी सोनिका को भी!"

दहा मिनिटांत चटईवर नऊ पोरं! सदाशिवरावांचे डोळे पाणावले. रिटायर झाल्यापासून एवढी पोरं एका जागी त्यांनी पाहिली नव्हती. ते ताडकन उठले, पोरांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि खडू हातात घेतला.

"नखं दाखवा! उद्यापासून निळा-पांढरा गणवेश. उशीर झाला तर बाहेर उभं राहायचं!" मग सुनेकडे वळून मायेने म्हणाले, "छान शाळा काढलीस हो. चालू राहू दे."

दुर्गा जिंकली होती! तरी आपलं तोंड का उतरलंय, ते तिला कळेना.

रांगेतून ध्रुवने हळूच विचारलं, "आई, मग आता घरी कधी शिकायचं?"