परळ मुक्कामी कपाट राखिले, त्याची हकिकत

श्रीगजाननास वंदन करून, आणि नळास पाणी आहे तोवर दोन बादल्या भरून ठेवून, मग लेखणी हाती धरली. हकिकत ऐसी जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावणातील दुसरा आदितवार, परळ मुलुखी बोरकर चाळीचे तळमजल्यास उदयप्रभात वाचनालय म्हणोन ठाणे आहे, तेथे एका लोखंडी कपाटावरून मोठे रण माजले. ज्यांनी पाहिले नाही त्यांजसाठी साद्यंत लिहितो. ज्यांनी पाहिले ते अद्याप त्याविषयीच बोलत आहेत.

कपाटाचे कप्पे चार. वरील दोन रशियन कादंबऱ्यांचे, खालील दोन फ्रेंच कादंबऱ्यांचे, सर्व मराठी तर्जुमे. किल्लेदार राजश्री सीताराम सावंत, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी गिरणीत साचेखाती चाकरीस होते, गिरणी बंद जाहली आणि मग वाचनालयाची बिनपगारी चाकरी पत्करली. एकेक पुस्तकास खाकी कागदाचे चिलखत त्यांनी स्वहस्ते चढविले, आणि दर दसऱ्यास कपाटास झेंडूचा हार घातला.

ऐसियास आकांक्षा कांबळे, स्पर्धापरीक्षेचे मोहिमेवर नामजाद, चार मैत्रिणींची फौज घेऊन चालून आली. घरी दहा बाय बाराचे खोलीत अभ्यास होत नाही, सबब कपाट रद्दीस द्यावे आणि तेथे टेबल मांडावे, ऐसा तिचा दावा होता, आणि तो खोटा नव्हता. वर तिने जाहीरनामा काढिला की, या कादंबऱ्या निव्वळ कंटाळवाण्या. रशियन मनुष्यास तीन तीन नावे, दर पानास नवे, आणि फ्रेंच ग्रंथकार खिडकीचे पडद्यास दोन पाने देतो, तोवर वाचणारा झोपी जातो. सीतारामपंतांचे उत्तर गेले की, ग्रंथ थोर आहेत, धीर तुमचा तोकडा. मग व्हॉट्सॲपवर तीन दिवस तोफा चालल्या आणि चाळीचा पाण्याचा निरोप त्यात बुडाला.

चिटणीस वैभव शिर्के, कॅरमचे सुभेदार, यांस भय पडले की, कपाट राहिले तर टेबलासाठी कॅरम उठेल, म्हणोन ते तत्काळ आकांक्षेस मिळाले. सीतारामपंत एकटे पडले. त्या रात्री त्यांस अन्न गोड लागले नाही. ते लिहिताना आम्हांसही वाईट वाटते, लपवीत नाही.

अखेर करार ठरला. श्रावणी आदितवारी दुपारी चाळीच्या बायका वाचनालयाचे ओटीवर वाल सोलावयास बसतात. त्यांसमोर रशियन आणि फ्रेंच, प्रत्येक दौलतीचा एक अध्याय सीतारामपंतांनी वाचावा. वाल संपण्याआधी मंडळी उठली तर कपाट गेले. अध्याय निवडण्याचा अखत्यार आकांक्षेकडे, आणि तिने फार क्रूरपणे निवडिले. फैसल्यास कांतामावशी परब, कोणत्याही पक्षाच्या नव्हेत, समोर भिजल्या वालांचे पातेले.

प्रथम फ्रेंच. पडदा निघाला, मग पडद्याची झालर निघाली, आणि झालरीचे तिसरे गोंड्यास वैभवराव घोरू लागले. फ्रेंच फौजेची दाणादाण उडाली. मग रशियन. एक जमीनदार पाहुण्याची वाट पाहतो, पाहुणा येत नाही, आणि मध्ये नावांचा चिखल. आकांक्षेने ठासून विचारिले की, हा मनुष्य नेमका कोण, हे एक तरी बाई सांगेल काय? सीतारामपंत घाईने मागील पाने उलटू लागले. तेव्हा कांतामावशींनी वाल खाली ठेविला आणि आपल्या लेकाचा दाखला दिला.

"माझ्या झिलाक बघ. कागदार विकास रामदास परब, घरात बाबल्या, हापिसात परबसाहेब. मनीस एकच मां? ह्येंच्यातय मधी बापाशीचाच नाव. कठीण काय आसा त्यात?"

सभेवर जणू दिवा लागला. जमीनदारास तत्काळ बाबल्या नाव पडले, त्याचे बहिणीस माई, आणि पाहुणा तो जावई असावा ऐसा सर्वानुमते ठराव जाहला. मग वाचता वाचता पंतांचा आवाज बसला, तो पुस्तक आकांक्षेकडे गेले. ती एक पान वाचणार होती. ती अकरा पाने वाचून गेली आणि वाल केव्हाच संपले होते, बायका रिकामे पातेल्यात बोटे फिरवीत बसल्या होत्या. फैसला विचारिला, तो मावशी म्हणाल्या,

"कंटाळवानी आसा. पण फुडचा उद्या किती वाजता?"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तहाची कलमे: कपाट जागी राहावे, फ्रेंच कप्प्यांस अभय असावे, कॅरम गॅलरीत जावा, आणि त्याचे जागी टेबल मांडून पाच मुलींनी अभ्यास करावा. वैभवराव सोडून सर्वांच्या सह्या पडल्या.

मग चहा येता सीतारामपंतांनी आकांक्षेस बाजूस घेतले आणि हलक्या आवाजात कबुली दिली, ती येथे नमूद करणे भाग आहे.

"बाळ, हा अध्याय मी चाळीस वर्षं गाळत आलोय. तो पाहुणा येतो का गं शेवटी?"