कपारनगर बरं की जाळीपूर?

एका जंगलात, बाळांनो, जंगल थोडं उरलं होतं आणि शहरं दोन झाली होती. नीट मांडी घालून बसा म्हणजे सांगतो. मध्येच पाणी प्यायला उठू नका.

ओढ्याच्या अलीकडे कपारनगर, पलीकडे जाळीपूर.

कपारनगर काळ्या खडकात वसलेलं. कपारी सगळ्या एकसारख्या, एका ओळीत, आणि प्रत्येकीपुढे झाडून लख्ख केलेलं अंगण. तिथे कोणाला खोकला झाला तर शेजारी तब्येतीची चौकशी करत नसत. आवाजाची तक्रार करत.

जाळीपूर करवंदीच्या जाळ्यांत वसलेलं. तिथे एकाचं घर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हे खुद्द घरच्यांनाही सांगता येत नसे. तिथे खोकला झाला की शेजारी चौकशीला येत, आत शिरत, जेवत, आणि खोकणाऱ्याच्याच अंथरुणावर कलंडत.

दोन्ही शहरांत छंद मात्र एकच होता. आपलं शहर पलीकडच्यापेक्षा कसं चांगलं, यावर बोलणं. कपारनगरात दर हंगामाला यावर परिसंवाद होई आणि कपारनगर जिंकत असे. जाळीपुरातही होई. तिथे जाळीपूर जिंकत असे. दोघांनाही विजयाची चव अशी लागली होती, की हरणारं कोणी समोर नाही याची खंत कोणालाच वाटत नव्हती.

आता आपल्या गोष्टीतला मुकुंदा साळिंदर. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक टेकडी होती, तिच्या पोटात त्याचं बीळ. बिळात तो आणि त्याची बायको अनसूया. दोघांचं बरं चाललं होतं. मग टेकडीवर माणसं आली, खडीसाठी दगड फोडायला लागली आणि सुरुंग उडायला लागले. प्रत्येक धमाक्याला बिळाच्या छतातून माती गळायची. त्यात अनसूयेला दिवस गेलेले.

बीळ सोडायचं, यावर दोघांचं दुमत नव्हतं. कुठे जायचं, एवढंच ठरायचं होतं. अनसूयेचं म्हणणं, कुठेही चालेल, फक्त पोर व्हायच्या आत. मुकुंदाला हे पटलं नाही. घर म्हणजे काय रोज बदलायची गोष्ट आहे का, असं तो म्हणाला. शेजार चांगला हवा, पोराला वळण लागायला हवं, पुढे नातवंडांचाही विचार करायला हवा. मुकुंदा विचारी होता. त्या टेकडीवर तो सोडून कोणी विचारच करत नसल्यामुळे त्याचं त्या बाबतीत नावही होतं.

म्हणून त्याने एके दिवशी ओढ्यावर जाऊन, पाणी प्यायला आलेल्या प्राण्यांना अगदी साध्या मनाने विचारलं, की बाबांनो, राहायला कुठलं शहर बरं?

बाळांनो, असा प्रश्न चारचौघांत कधी विचारू नये.

दुपार व्हायच्या आत ही बातमी दोन्ही शहरांत पोचली. पण पोचेपर्यंत तिचा आकार बदलला होता. एक साळिंदर घर शोधतोय, एवढीच ती राहिली नाही. टेकडीवरचे एक थोर, निःपक्षपाती विचारवंत दोन्ही शहरांची तुलना करून निकाल देणार आहेत, अशी ती झाली. मुकुंदाच्या दाराशी दोन्हीकडची निमंत्रणं आली. त्याने आधी सांगून पाहिलं, की मला फक्त एक बीळ हवंय. मग त्याच्या लक्षात आलं, की बीळ मागणाऱ्याला कोणी निमंत्रण पाठवत नाही. त्याने ते सांगणं सोडलं.

आधी तो कपारनगरला गेला. तिथले नगराध्यक्ष प्रभाकरपंत मुंगूस. अंगावरचा केस न् केस बसवलेला. त्यांनी मुकुंदाला साऱ्या कपारी दाखवल्या, पाणी वाहून जायच्या चऱ्या दाखवल्या आणि पाऊससुद्धा आमच्याकडे शिस्तीत पडतो, असं सांगितलं. मग ते जाळीपुराबद्दल बोलू लागले आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी थांबले नाहीत. मुकुंदाला तिथली शांतता मनापासून आवडली. पोर इथे किती गाढ झोपेल, असं त्याच्या मनात आलं. निघताना त्याच्या पाठीवरचा एक सळ, म्हणजे काटा, अंगणात गळून पडला. सगळे फक्त त्या सळाकडे बघत उभे राहिले, त्याने तो उचलेपर्यंत.

मग जाळीपूर. तिथले पुढारी भुजंगराव तरस. त्यांनी मुकुंदाला पाहताच कडकडून मिठी मारली. साळिंदराला मिठी मारायची नसते, हे तुम्हाला कळतं, मला कळतं. भुजंगरावांना मारल्यावर कळलं. तरी ते खो खो हसले, छातीतले सळ उपटता उपटता हसले, आणि आमच्याकडे मनात काही ठेवत नाहीत, असं म्हणाले. मुकुंदाला त्यांनी कंद खाऊ घातले, मुळं खाऊ घातली, नको म्हटल्यावर आणखी वाढलं. त्याचा डोळा लागला तेव्हा झोप आली का, हे विचारायला उठवलं. एका म्हाताऱ्या सशिणीने तर अनसूयेची सगळी हकीकत काढून घेतली आणि बाळंतपणाला मीच येणार, असं सांगून टाकलं. मुकुंदाचे डोळे पाणावले. असा शेजार हवा, असं त्याला वाटलं.

घरी आल्यावर अनसूयेने विचारलं, ठरलं का. तो म्हणाला, तुलना चालू आहे.

आणि ती चालूच राहिली. कपारनगरने त्याला पुन्हा बोलावलं, कारण पहिल्या भेटीत बऱ्याच गोष्टी दाखवायच्या राहिल्या होत्या. कपारनगरने पुन्हा बोलावलं म्हणून जाळीपूरने पुन्हा बोलावलं. मुकुंदाची चाल बदलली. तो सावकाश चालू लागला. बोलण्याआधी थोडं थांबू लागला. "एका परीने पाहता" आणि "दुसऱ्या परीने पाहता" असं घरीसुद्धा म्हणू लागला. वाटेत भेटणारे बाजूला होऊन त्याला वाट देत. पूर्वीही देत, पण ती सळांमुळे.

इकडे बिळाच्या छताला चीर पडली. अनसूया मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत झोपायला आली.

एका सकाळी तो पुन्हा निघाला, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"तुम्हाला खरं सांगू का," ती म्हणाली, "तुमच्याकडून ऐकून मला दोन्ही शहरं आवडली. तुम्ही जे सांगाल तिथे मी येते. पण आज सांगा."

"आज कसं सांगणार? निकालाचा समारंभ परवा आहे," मुकुंदा म्हणाला. "आधीच फोडला तर दोन्हीकडच्या लोकांना काय वाटेल?"

अनसूया बाजूला झाली. तिला पटलं, असं मुकुंदाला वाटलं.

समारंभ ओढ्याकाठच्या मोकळ्या मैदानात झाला. अलीकडे कपारनगरकर ओळीने बसले. पलीकडे जाळीपूरकर जमेल तसे, जमेल त्याच्या अंगावर बसले. मधल्या दगडावर मुकुंदा. त्याने सुरुवात केली ती जंगल म्हणजे काय इथून. मग शहर म्हणजे काय, घर म्हणजे काय, मग आपण कोण. वरती टेकडीवर धमाके होत होते, तेव्हा तो विनयाने थांबत होता आणि मग पुढे बोलत होता.

शेवटी त्याने निकाल दिला. राहायला कपारनगर बरं.

खरं सांगायचं तर हा निकाल त्याने मनापासून दिला होता. लहान पोराला झोप हवी आणि ती जाळीपुरात मिळणार नाही, एवढंच त्यामागचं कारण. पण एवढं साधं कारण सांगितलं असतं तर इतका मोठा समारंभ वाया गेला असता, म्हणून ते त्याने सांगितलं नाही.

कपारनगरकर शिस्त विसरून ओरडले. मुकुंदाच्या गळ्यात घाणेरीच्या फुलांचा हार पडला. तो गळ्यापर्यंत पोचलाच नाही, सळांवरच अडकला. मिरवणूक वाजतगाजत कपारनगरच्या वेशीपर्यंत आली. तिथे मुकुंदा प्रभाकरपंतांना हळूच म्हणाला, की आता कपार कुठली ते दाखवा, म्हणजे बायकोला घेऊन येतो.

वाजवणारे थांबले.

"आपण इथे राहणार?" प्रभाकरपंतांनी विचारलं.

"राहायला चांगलं म्हणूनच तर निकाल दिला."

"निकाल अचूक आहे, मुकुंदराव. तो आम्ही वेशीवर कोरून ठेवणार आहोत. पण आपण इथे राहायला आलात, तर तो निःपक्षपाती कसा राहील?" प्रभाकरपंतांनी आवाज खाली आणला. "शिवाय बाहेरचे कोणी येत नाहीत, म्हणून तर हे शहर इतकं चांगलं आहे. आपण विचारी आहात. समजून घ्याल."

मुकुंदा विचारी होता. त्याने समजून घेतलं. समजून घेतल्यावर तो तसाच, हार सळांवर घेऊन, ओढा ओलांडून जाळीपुरात गेला.

भुजंगराव तरस हसले नाहीत. त्यांनी मुकुंदाला आधी बसवलं. आमचं मन मोठं आहे, तुझ्यावर राग नाही, असं सांगितलं. पण चारचौघांत आमची नाचक्की करून तूच इथे राहायला आलास, तर पोराबाळांना काय सांगायचं? मुकुंदाने चाचरत विचारलं, की निकाल तुमच्या बाजूने दिला असता तर घेतलं असतं का.

"तू पाहुणा म्हणून लाख वेळा ये," भुजंगराव म्हणाले. "पण राहायचं म्हणशील तर, अरे, जाळीत काटे आधीच काय कमी आहेत?"

म्हातारी सशीण तिथेच होती. तिने मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात वर मोठा धमाका झाला. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. मुकुंदाने मान वर करून पाहिलं, तर टेकडीची ती बाजू जागेवर नव्हती. धुळीचा लोट खाली येत होता.

बाळांनो, साळिंदर फार जोरात धावू शकत नाही. मुकुंदा त्या दिवशी धावला. वाटेत हार गळून पडला, सळ गळून पडले, "एका परीने" आणि "दुसऱ्या परीने"सुद्धा कुठेतरी गळून पडलं. बिळाच्या जागी दगडांची रास होती. त्याने नुसत्या पंजांनी ती उपसायला घेतली. एक दगड काढला की दोन खाली येत. नखं फुटली. तो अनसूयेला हाका मारत होता आणि आपण तिला "परवा" म्हणालो होतो, हे एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

पलीकडच्या खडकावर गिरजा घोरपड ऊन खात पडली होती. तिने थोडा वेळ बघितलं.

"मुकुंदा, दगड कशाला उकरतोस?" ती म्हणाली. "ती आत नाही. तू तिच्याशी बोलून निघालास ना, त्याच दुपारी ती माळावर गेली. परवापासून खणतेय."

टेकडीमागे एक उजाड माळ होता. त्याला नाव नव्हतं, कारण त्याच्याबद्दल कोणाचं कधी भांडण झालं नव्हतं. माळावर निवडुंगाचं एक बेट होतं आणि त्याच्या बुडाशी ताज्या मातीचा ढीग. मुकुंदा वाकून आत शिरला. अनसूया कुशीवर पडली होती. तिच्या पोटाशी एक पोर होतं, डोळे उघडे, अंगावरचे सळ अजून ओले आणि मऊ. दोन रात्री मुकुंदा ओढ्याकाठी भाषण पाठ करत जागला होता आणि घरात मागे कोणी नव्हतं, हे त्याला कळलंच नव्हतं.

"ही जागा कशी आहे?" त्याने विचारलं.

"कोरडी आहे," अनसूया म्हणाली.

"आणि शेजार?"

"अजून नाही. म्हणून चांगला आहे."

मुकुंदाने पोराला चाटलं आणि दाराशी जाऊन राहिलेलं खणायला लागला.

पुढे काय झालं म्हणता? कपारनगरने निकाल वेशीवर कोरला. थोर विचारवंत मुकुंदराव साळिंदर यांच्या मते राहण्यास सर्वोत्तम शहर, असं तिथे अजून वाचायला मिळतं. जाळीपूरने तो निकाल कंदांवर विकला गेल्याचं जाहीर केलं, आणि कंद कोणी खाऊ घातले होते हे कोणी आठवलं नाही. माळावरून जाणारे-येणारे मुकुंदाला हमखास विचारत, की एवढं चांगलं शहर, मग तुम्ही इथे कसे? सुरुवातीला तो खरं काय ते सांगायचा. ते ऐकून लोकांचा विरस व्हायचा. मग तो "तिथली हवा मानवली नाही" असं सांगू लागला. हे सगळ्यांना पटलं.

एकदा खवल्या मांजराचं एक जोडपं आलं. त्यांचीही टेकडी फुटायला लागली होती आणि बायकोच्याही पोटात पोर होतं. मुकुंदा सल्ला द्यायला घसा खाकरतोय, तोवर अनसूयेने बिळातून डोकं बाहेर काढलं.

"निवडुंगापलीकडे जमीन मऊ आहे," ती म्हणाली. "पाऊस येईपर्यंत खणून होईल. आम्ही हात लावतो."

जोडप्याने माळ पाहिला. एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या नम्रतेने आभार मानले. जागा छान आहे म्हणाले, पण घर म्हणजे काय रोज बदलायची गोष्ट नाही. आधी एकदा ती दोन्ही शहरं नीट बघून घेतो, तुलना करतो आणि मग कळवतो, असं सांगून ते ओढ्याच्या वाटेला लागले.

तात्पर्य: दोन शहरांपैकी अधिक चांगलं ओळखायची खूण सोपी आहे. जे तुम्हाला आत घेत नाही, ते चांगलं. तेव्हा बाळांनो, एखाद्या जागेने तुम्हाला विनातक्रार सामावून घेतलंच, तर पहिल्या दिवसापासून तिला नावं ठेवायला लागा. आपल्यालाही जरा पारख आहे, हे लोकांना कळायला नको का?